‘हे व्हेरिएबल परिभाषित नाही’ : हा इशारा खरा की खोटा, हे कसे ठरवावे

फर्मागुडीच्या किंवा शिरोड्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून पर्वरीला अथवा वेर्ण्याला पहिली नोकरी धरलेल्या प्रोग्रामरला पहिल्याच आठवड्यात एक अनुभव हमखास येतो. प्रोग्राम व्यवस्थित चालत असतो, उत्तर बरोबर येत असते, आणि तरीही एडिटर एखाद्या नावाखाली लाल नागमोडी रेघ ओढून सांगत राहतो की हे व्हेरिएबल परिभाषितच नाही. अशा वेळी नवखा माणूस बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर तो त्या रेघांकडे बघायचे सोडून देतो, नाहीतर तो नियमच बंद करून टाकतो. दोन्ही मार्ग सोपे आहेत आणि दोन्ही पुढे महागात पडतात. हा इशारा आल्यावर कोणत्या क्रमाने काय तपासावे, आणि तो खरोखर खोटा निघाला तर साधनाला काय व कुठे सांगावे, हे या लेखात मांडले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी. ‘परिभाषित नाही’ याचा अर्थ ‘मला व्याख्या दिसली नाही’ एवढाच घ्यायचा. स्थिर विश्लेषण करणारे साधन प्रोग्राम चालवत नाही, तो नुसता वाचते. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी लिहिलेल्या ‘लिंट’पासून (१९७८) ही परंपरा चालत आली आहे, आणि म्हणूनच आजही अशा साधनांना सरसकट लिंटर म्हटले जाते. प्रोग्राम न चालवता त्याच्या वर्तनाविषयीचा प्रत्येक प्रश्न अचूक सोडवणारे साधन बनूच शकत नाही, हे हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये सिद्ध केले. त्यामुळे साधन बनवणाऱ्याला निवड करावी लागते: काही खऱ्या चुका निसटू द्यायच्या, की काही निर्दोष ओळींवरही बोट ठेवायचे. तुमच्यासमोर आलेला इशारा या निवडीतून आलेला असतो. म्हणून प्रश्न नेहमी असा विचारावा: हे नाव कोण पुरवतो, आणि तो पुरवठा साधनाला का दिसत नाही?

पुढील नमुन्यांत सर्व काही देवनागरीत लिहिले आहे. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावे देवनागरीत ठेवलेली चालतात. कीवर्ड, अंगभूत फंक्शनची नावे आणि कोडमधील आकडे मात्र प्रत्यक्ष टाइप करताना रोमनच हवेत. देवनागरी नावांवर पायलिंट (पायथनसाठीचा एक लिंटर) वेगळी कुरबुर करतो, पण तिचा या विषयाशी संबंध नाही.

पहिली पायरी: इशारा पूर्ण वाचा

नागमोडी रेघेवर कर्सर नेऊन संदेश आणि त्याचा क्रमांक दोन्ही वाचावेत, कारण एकसारख्या दिसणाऱ्या इशाऱ्यांत फार मोठा फरक असतो. फ्लेक८ आणि रफ या पायथनच्याच लिंटरांचा एफ८२१ म्हणजे नाव कुठेच सापडले नाही. एफ४०५ म्हणजे ते कदाचित तारांकित इम्पोर्टमधून (तारा, म्हणजे * चिन्ह, लावून दुसऱ्या फाइलमधील सर्व नावे एकदम आयात करणे) आले असावे, पण खात्री नाही. पायलिंटमध्ये ई०६०२ हा ‘नाव नाही’ असे सांगतो, तर ई०६०६ हा ‘काही वाटांनी गेल्यास नावाला किंमत मिळालेली नसेल’ असे सांगतो. हा दुसरा इशारा २०२४ मधील ३.२ या आवृत्तीपासून आला, त्यामुळे वर्षानुवर्षे स्वच्छ दिसणारा कोड आवृत्ती बदलताच अचानक इशाऱ्यांनी भरलेला दिसू शकतो. पायथनमधील टाइप तपासणारा पायराइटही ‘अनडिफाइन्ड’ आणि ‘पॉसिब्ली अनबाउंड’ यांत असाच भेद करतो, आणि पीएचपी तपासणाऱ्या पीएचपीस्टॅनच्या संदेशातील ‘माइट नॉट’ हे शब्द तेच सुचवतात. ‘नाहीच’ आणि ‘कदाचित नसेल’ या दोन इशाऱ्यांची तपासणी अगदी वेगळ्या रीतीने करावी लागते.

दुसरी पायरी: कोणते साधन, कोणत्या मांडणीने बोलते आहे ते पाहा

एडिटरमधील साधन आणि टर्मिनलमधील साधन वेगवेगळ्या आवृत्तीचे असणे, किंवा दोघांनी वेगवेगळी कॉन्फिग फाइल उचललेली असणे, ही रोजची गोष्ट आहे. तोच इशारा टर्मिनलमध्येही येतो का, हे आधी पाहावे. जावास्क्रिप्टसाठीच्या ईएसलिंट या लिंटरला ‘प्रिंट-कॉन्फिग’ हा पर्याय दिल्यास एखाद्या फाइलला नेमके कोणते नियम लागू आहेत ते छापून मिळते. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या ईएसलिंट ९ पासून नवी, सपाट मांडणीची कॉन्फिग फाइल हीच मूळ पद्धत झाली आणि तिच्यात कोड ब्राउझरमध्ये चालतो की नोडमध्ये हे सांगणारा ‘एन्व्ह’ हा जुना विभाग नाही. जुन्या धड्यांवरून कॉन्फिग उतरवणाऱ्यांना म्हणूनच ‘विंडो’ किंवा ‘प्रोसेस’सारखी साधी नावेही अपरिभाषित दिसू लागतात. तेथे कोडला हात लावण्याचे कारणच नाही. ‘ग्लोबल्स’ हे पॅकेज घेऊन त्यातील ब्राउझरची किंवा नोडची नावे कॉन्फिगमध्ये भरली की काम होते.

तिसरी पायरी: इशारा खरा आहे असे धरून चाला

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच गाळली जाते. ‘प्रोग्राम चालतो’ हा इशारा खोटा असल्याचा पुरावा होत नाही, कारण तुमच्या आजच्या डेटाने जी वाट घेतली तेवढीच वाट तपासली गेलेली असते. गोव्यातल्या पावसाच्या नोंदींचे उदाहरण घेऊ. वाळपई, साखळी, सांगे, काणकोण अशा केंद्रांच्या रोजच्या नोंदी एका फाइलमध्ये आहेत, आणि शेवटचा पाऊस कुठे नोंदला गेला ते छापायचे आहे:

फॉर केंद्र, इंच इन नोंदी:
    इफ इंच > ०:
        शेवटचे = केंद्र
प्रिंट("शेवटचा पाऊस:", शेवटचे)

पायराइट येथे ‘शेवटचे’ या नावाला कदाचित किंमत मिळालेली नसेल असे सांगतो. जुलैच्या फाइलवर प्रोग्राम चालवून पाहणारा प्रशिक्षणार्थी हसून म्हणेल की साधनाला काही कळत नाही, कारण जुलैत पाऊस नाही असा दिवस गोव्यात शोधावा लागतो. हाच प्रोग्राम जानेवारीच्या फाइलवर चालवावा. सगळ्या नोंदी शून्य असतात, अट एकदाही खरी होत नाही, नाव कधी जन्मालाच येत नाही, आणि शेवटच्या ओळीवर पायथन ‘नेमएरर’ देऊन थांबतो; हाच कोड एखाद्या फंक्शनच्या आत असेल तर ‘अनबाउंडलोकलएरर’ येतो. इशारा पूर्ण खरा होता, फक्त तो खरा ठरण्याचा महिना वेगळा होता.

दुरुस्ती करतानाही विचार हवा. लूपच्या आधी ‘शेवटचे’ला रिकामी स्ट्रिंग दिली की रेघ जाते खरी, पण जानेवारीत ‘शेवटचा पाऊस:’ एवढेच छापून पुढे कोरी जागा राहते, आणि उघड दिसणारी चूक लपून बसते. त्यापेक्षा आधी ‘नन’ द्यावे आणि छापण्यापूर्वी ते ‘नन’च राहिले आहे का हे तपासून ‘या काळात पावसाची नोंद नाही’ असे स्पष्ट छापावे. निव्वळ साधनाला गप्प करण्यासाठी दिलेली सुरुवातीची किंमत हा माझ्या मते या सगळ्या प्रकारातला सर्वांत वाईट उपाय आहे.

दुसरा नमुना अधिक फसवा आहे. गोव्यात भाताचे दोन हंगाम: पावसाळी सरद आणि हिवाळी वायंगण. हंगामानुसार बियाण्याचा दर ठरवायचा आहे:

इफ हंगाम == "सरद":
    दर = सरद_दर
एलिफ हंगाम == "वायंगण":
    दर = वायंगण_दर
खर्च = दर * क्षेत्र

साधन म्हणते की ‘दर’ कदाचित परिभाषित नसेल. तुम्हाला माहीत असते की तिसरा हंगाम नाही, म्हणून इशारा खोटा वाटतो. परंतु ‘हंगाम’ ही किंमत येते कुठून? कोणीतरी भरलेल्या तक्त्यातून. आपल्याकडे एकाच तक्त्यात मराठी, कोंकणी आणि इंग्रजी नोंदी शेजारी शेजारी असतात. डिचोली आणि दिवचल एकाच फाइलमध्ये भेटतात, तसे ‘वायंगण’, ‘वायंगणी’ आणि शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा असलेले ‘वायंगण’ हेही भेटतील. म्हणून ‘एल्स’ची शाखा लिहावी आणि तिच्यात अनोळखी हंगामाचे नाव दाखवून ‘व्हॅल्यूएरर’ उभा करावा. असे केले की इशारा आपोआप जातो, कारण त्या शाखेतून पुढे जाणारी वाटच उरत नाही. शिवाय चुकीच्या नोंदीमुळे येणारी चूक आता ‘दर नाही’ असे गूढ न बोलता ‘हा हंगाम ओळखीचा नाही’ असे बोलते. ‘हंगाम’ हा प्रकार दोनच किमतींचा आहे असे एनम किंवा लिटरल वापरून टाइपमध्ये सांगितले, तर पायराइट ‘एल्स’शिवायही समाधानी होतो. तक्त्यातून येणारी किंमत मात्र त्या प्रकारात बसवताना तपासावी लागतेच.

पायथनमध्ये आणखी दोन जागा अशा आहेत की जेथे नवखा माणूस इशारा खोटा मानतो आणि साधन बरोबर असते. ‘एक्सेप्ट ओएसएरर ॲज चूक’ असे लिहिल्यावर ‘चूक’ हे नाव त्या ब्लॉकपुरतेच जगते; ब्लॉक संपताच पायथन ३ ते पुसून टाकतो, म्हणून खाली कुठेतरी ‘चूक’ लॉगमध्ये लिहायला गेल्यास नाव सापडत नाही. ते जपायचे असेल तर ब्लॉकच्या आत दुसऱ्या नावात ठेवावे. दुसरी जागा म्हणजे क्लासच्या अंगात थेट लिहिलेले लिस्ट कॉम्प्रिहेन्शन. क्लासमध्ये वरच्याच ओळीवर ‘गुणक’ दिलेला असतो, खालच्या ओळीवर प्रत्येक नोंदीला त्याने गुणायचे असते, आणि साधन म्हणते की ‘गुणक’ परिभाषित नाही. डोळ्यांना हे हास्यास्पद वाटते. पण कॉम्प्रिहेन्शनला स्वतःचा वेगळा स्कोप (नावे दिसण्याची हद्द) असतो आणि त्यातून क्लासच्या अंगातील नावे दिसत नाहीत. फक्त पहिल्या ‘इन’पुढची यादी तेवढी क्लासच्या स्कोपमध्ये वाचली जाते. प्रोग्राम चालवला की इशारा खरा असल्याचे लगेच कळते.

चौथी पायरी: नाव पुरवणारा शोधा आणि साधनाला दाखवा

वरच्या चाळणीतून जे इशारे उरतात ते बहुधा खरोखर खोटे असतात, आणि त्यांचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते: नाव या फाइलच्या बाहेरून, साधनाला न दिसणाऱ्या दाराने येते. ते दार कोणते आहे यावर उपाय ठरतो.

पायथनमधील तारांकित इम्पोर्ट हे सर्वांत परिचित दार आहे. गोव्यातली वर्तमानपत्रे पाऊस इंचांत देतात आणि हवामान खाते मिलिमीटरमध्ये, म्हणून २५.४ ही संख्या ‘इंच_ते_मिमी’ या नावाने ‘स्थिरांक’ नावाच्या फाइलमध्ये ठेवली आणि तेथून तारा लावून सर्व काही आयात केले, की एफ४०५ ठरलेला. फ्लेक८ एका वेळी एकच फाइल वाचतो. तारेमागून काय काय आले हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. येथे इशारा दाबू नये. हवी ती नावे एकेक करून आयात करावीत. नंतर कोड वाचणाऱ्या सहकाऱ्यालाही तीच अडचण असते, त्यामुळे ही दुरुस्ती दोघांच्याही उपयोगाची ठरते.

काही नावे चौकट किंवा यजमान प्रोग्राम स्वतःहून टाकतो. ज्युपिटर नोटबुकमधील ‘डिस्प्ले’, किंवा भाषांतरासाठी गेटटेक्स्टने अंगभूत नावांत बसवलेली एकटी अंडरस्कोर, ही याची उदाहरणे. अशी नावे फ्लेक८ आणि रफमध्ये ‘बिल्टइन्स’ या पर्यायात, तर पायलिंटमध्ये ‘अॅडिशनल-बिल्टइन्स’मध्ये नोंदवावीत. नोंदवताना नावे मोजकी ठेवावीत, कारण येथे टाकलेले नाव संपूर्ण प्रकल्पात सर्वत्र परिभाषित मानले जाते, आणि तेच नाव कोणी चुकून दुसरीकडे वापरले तर ती खरी चूकही दिसेनाशी होते.

जावास्क्रिप्टमध्ये हे दार एचटीएमएलमधील स्क्रिप्ट टॅग असते. कळंगुटच्या एखाद्या अतिथिगृहाच्या संकेतस्थळावर गूगलचा नकाशा बसवला की ‘गूगल’ हे नाव पानावर लोड झालेल्या स्क्रिप्टमधून येते. ईएसलिंट फक्त जावास्क्रिप्टची फाइल वाचतो, म्हणून त्याचा ‘नो-अनडेफ’ नियम तक्रार करतो. हे नाव एकाच फाइलमध्ये वापरले असेल तर त्या फाइलच्या माथ्यावर ‘ग्लोबल’ टिप्पणी द्यावी, अनेक फाइलींत असेल तर कॉन्फिगमधील ग्लोबल्सच्या यादीत टाकावे, आणि दोन्हीकडे ‘रीडओन्ली’ असे लिहावे, म्हणजे कोणी चुकून त्या नावाला नवी किंमत देऊ लागला तर ईएसलिंट ते पकडू शकेल. टाइपस्क्रिप्टच्या फाइलींसाठी मात्र ‘नो-अनडेफ’ बंदच ठेवावा, अशी टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटचीच शिफारस आहे, कारण ते काम टाइपस्क्रिप्टचा कंपायलर अधिक चांगले करतो. नियम पूर्ण बंद करणे योग्य ठरते अशी ही मला माहीत असलेली एकमेव जागा.

पीएचपीमध्ये बहुतेक खोटे इशारे टेम्प्लेट फाइलींत येतात. एक फाइल व्हेरिएबल तयार करते, दुसरी फाइल ‘इन्क्लूड’ने जोडली जाते आणि ती नावे थेट वापरते, म्हणून दुसरी फाइल एकटी वाचणाऱ्या साधनाला ती आभाळातून पडल्यासारखी दिसतात. टेम्प्लेटच्या माथ्यावर ‘व्हार’ हा डॉकब्लॉक टॅग देऊन प्रत्येक नाव आणि त्याचा टाइप लिहावा. हे कंटाळवाणे आहे हे खरे, पण या टेम्प्लेटला काय काय पुरवावे लागते याची यादी त्यामुळे तिथेच तयार होते. ‘एक्स्ट्रॅक्ट’ फंक्शनने ॲरेतून नावे काढण्याची सवय मात्र मोडावी. ॲरेची किल्ली वापरून किंमत घेतली तर प्रश्नच उद्भवत नाही. पीएचपी ८.० पासून अपरिभाषित व्हेरिएबल वाचणे ‘नोटीस’वरून ‘वॉर्निंग’वर चढवले गेले आहे, म्हणजे भाषेनेही ही गोष्ट अधिक गंभीर मानली आहे.

शेल स्क्रिप्टमध्ये शेलचेक या लिंटरचा एससी२१५४ (नाव वापरले, पण त्याला किंमत दिलेली नाही) हा इशारा येतो. दुसरी फाइल सोर्स करून तिच्यातली नावे वापरली असतील आणि त्या फाइलचा पत्ता एखाद्या व्हेरिएबलमधून येत असेल, तर शेलचेकला ती सापडत नाही. सोर्सच्या ओळीच्या आधी टिप्पणीत ‘सोर्स’ हा निर्देश देऊन पत्ता सांगावा. हा इशारा फक्त छोट्या अक्षरांतल्या नावांसाठी येतो. मोठ्या अक्षरांतली नावे बाहेरच्या एन्व्हायरन्मेंटमधून येतात असे शेलचेक गृहीत धरतो, त्यामुळे मोठ्या अक्षरांतल्या नावाचे स्पेलिंग चुकले तर हा इशारा येत नाही.

शेवटचे दार जरा निराळे आहे. फाइल उघडता आली नाही तर ‘थांबा’ हे तुमचे फंक्शन संदेश छापून प्रोग्राम बंद करते, पण साधनाला वाटते की ते परत येईल आणि खाली ‘फाइल’ हे नाव किमतीविना वापरले जाईल. काही साधने फंक्शनचे अंग वाचून हे स्वतः ओळखतात, काही ओळखत नाहीत. पायथनमध्ये त्या फंक्शनच्या परतीचा टाइप ‘नोरिटर्न’ असा लिहावा; पीएचपी ८.१ पासून यासाठी ‘नेव्हर’ आहे. एका ठिकाणी केलेली ही नोंद ते फंक्शन वापरणाऱ्या सर्व जागांचे इशारे एकदम मिटवते.

पाचवी पायरी: दाबायचाच असेल तर नेमका तेवढाच दाबा

कोड बदलता येत नाही, नाव जाहीर करण्याची सोय नाही, आणि इशारा खोटा असल्याची खात्री झाली आहे, अशा वेळीच तो दाबावा. फ्लेक८मध्ये ओळीच्या शेवटी टिप्पणीत नुसते ‘नोक्यूए’ लिहिल्यास त्या ओळीवरील सगळेच इशारे दबतात, म्हणून पुढे कोलन देऊन एफ८२१ हा क्रमांक लिहावा. ईएसलिंटमध्ये ‘डिसेबल-नेक्स्ट-लाइन’ वापरावे आणि नियमाचे नाव द्यावे. नुसती ‘डिसेबल’ टिप्पणी पुन्हा चालू करेपर्यंत, म्हणजे बहुधा फाइल संपेपर्यंत, लागू राहते. टिप्पणीतच एका वाक्यात कारण लिहावे: ‘हे नाव नकाशाच्या स्क्रिप्टमधून येते’ एवढे पुरते. ‘खोटा इशारा’ एवढेच लिहिलेली टिप्पणी निरुपयोगी असते.

जुन्या प्रकल्पात एकदम शेकडो इशारे आले तर ते एकेक करून दाबत बसू नये. पीएचपीस्टॅनमध्ये बेसलाइनची सोय आहे; आजचे सर्व इशारे एका फाइलमध्ये नोंदले जातात आणि पुढे फक्त नवे दाखवले जातात. बेसलाइनमध्ये खऱ्या चुकाही पुरल्या जातात हे ध्यानात ठेवून, ज्या फाइलला हात लावाल तिच्यापुरत्या नोंदी तरी त्याच वेळी निकालात काढाव्यात.

दाबलेले इशारे शिळे होतात. कोड बदलतो, कारण नाहीसे होते, टिप्पणी मात्र राहते आणि पुढची खरी चूक झाकते. त्यासाठी रफचा आरयूएफ१००, पायलिंटचा ‘यूसलेस-सप्रेशन’ आणि ईएसलिंटची न वापरलेल्या निर्देशांची तपासणी चालू ठेवावी. पीएचपीस्टॅन न जुळणाऱ्या दुर्लक्ष-नोंदी मुळातच दाखवतो.

एवढे करूनही इशारा चुकीचाच वाटत असेल, तर साधनातच दोष असण्याची शक्यता उरते. प्रश्न असलेली फाइल जशीच्या तशी पाठवू नये. एकेक ओळ काढत जावी आणि प्रत्येक वेळी साधन पुन्हा चालवावे. इशारा टिकून राहील अशा पाच-दहा ओळी उरल्या की थांबावे. गंमत अशी की ही काटछाट करतानाच बऱ्याचदा न दिसलेली वाट सापडते आणि तक्रार करण्याची गरज उरत नाही. ती उरलीच, तर त्या ओळी, साधनाची व भाषेची आवृत्ती, कॉन्फिग फाइल आणि संदेशाचा पूर्ण मजकूर एवढे सोबत द्यावे, आणि त्याआधी त्याच क्रमांकाची तक्रार कोणी केली आहे का, हे साधनाच्या नोंदवहीत शोधून पाहावे.